छोट्या बाल्कनीतला ख्रिसमस: पैसे दिव्यांवर, बाकी सगळं घरचं

सजावटीचं सामान आणायला निघण्याआधी एक काम करा. अंधार पडला की घरातले दिवे मालवा, रोज जिथे बसता तिथेच बसा आणि तिथून बाल्कनीकडे बघा. काय दिसतं? काचेचं दार, कठड्याचा वरचा अर्धा भाग, एक भिंत, फार तर एक कोपरा. तुमच्या सजावटीची जागा तेवढीच. बाकीच्या बाल्कनीवर खर्च केलेला पैसा वाया गेला म्हणून समजा.

मी पहिल्या वर्षी नेमकं उलटं केलं होतं. दिसेल ते छोटं-मोठं उचललं: घंटा, प्लॅस्टिकच्या हिरव्या झिरमिळ्या, पाच सांताक्लॉज. ते पाचही जण कठड्यावर ओळीनं, रस्त्याकडे तोंड करून बसवले. आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो, खालून ते कुणाला दिसणार? महिनाभर मी घरात बसून पाच सांताक्लॉजच्या पाठी बघितल्या. पुढच्या वर्षी ते सगळे वाटून टाकले, त्याहून कमी पैशांत दोन लाइटच्या माळा आणल्या आणि बाल्कनी पहिल्यांदा सजल्यासारखी वाटली.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. विकत घ्यायचे ते दिवे. बाकीच्या वस्तू घरात असतात, नाहीतर तासाभरात बनतात.

आधी मोजा आणि रिकामं करा

बसल्या जागेवरून मोबाइलनं दोन फोटो काढा, एक दिवसा, एक रात्री. दिवसाच्या फोटोवर बोटानं रेघोट्या ओढून माळ कुठून कुठे जाईल ते ठरवा. मग टेप घेऊन कठड्याची लांबी, कठड्याच्या नळीची जाडी, भिंतीची रुंदी आणि प्लगपासूनचं अंतर लिहून ठेवा. प्लग घरात असेल तर दार बंद केल्यावर वायर जाण्याइतकी फट राहते का, हेही बघा. सरकत्या दारात वायर रोज चेपली गेली की तिचं आवरण सोलवटतं. अशा ठिकाणी बॅटरीची किंवा यूएसबीची माळ घेणंच बरं.

घर भाड्याचं असेल तर घरमालकाला, आणि इमारतीचे नियम असतील तर तिथे, एकदा विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी कठड्याच्या बाहेरच्या बाजूला काही लटकवायला मनाई असते, आणि ती रास्त आहे.

आता आवराआवर. छोट्या जागेत सगळ्यात मोठा फरक यानंच पडतो आणि याला एक पैसाही लागत नाही. कपड्यांचा स्टँड, फुटक्या कुंड्या, रिकामी खोकी महिन्याभरासाठी आत न्या. जे हलवता येत नाही ते एकाच रंगाच्या जुन्या चादरीखाली झाका. गोणपाट असेल तर आणखी छान दिसतं. एसीचं बाहेरचं युनिट मात्र झाकू नका, त्याला हवा लागते. आणि आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता बाल्कनीतून असेल, तर चालायची पट्टी पूर्ण मोकळी सोडा.

रात्री रंग मरतात

खरेदीत सगळ्यात जास्त चूक इथे होते. दुकानातल्या लख्ख उजेडात लाल आणि हिरवं इतकं खुलून दिसतं की आपण तेच घेतो. पण कमी उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग फार लवकर काळपट दिसायला लागतो, गडद हिरवा तर अंधारात विरघळूनच जातो. हौसेनं बांधलेली लाल रिबन संध्याकाळनंतर काळ्या चिंधीसारखी दिसते ती यामुळेच.

उपाय सोपा आहे. प्रत्येक लाल वस्तूच्या शेजारी, वीतभर अंतराच्या आत, दिवा हवा. तो देता येत नसेल तर तिथे पांढरं, चंदेरी किंवा सोनेरी काहीतरी लावा, म्हणजे मिळेल तेवढा उजेड ते परत फेकेल. मी आता एकच रंग आणि एक चकाकी एवढंच ठेवते. सोबत फांद्यांचा हिरवा येतोच. तिसरा रंग आला की चार चौरस मीटरच्या जागेत गर्दी होते.

दिवे: किती, कुठले, कसे

एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं १८८२ साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी ख्रिसमस ट्रीवर विजेचे ८० दिवे लावले होते, तांबडे, पांढरे आणि निळे. ते झाड गोल फिरायचंही. त्या काळात विजेचे दिवे लावलेलं ते पहिलंच झाड मानतात. हे सांगते अशासाठी की ८० ते १०० दिव्यांत आजही छोटी बाल्कनी पुरेशी उजळते. पाचशे दिव्यांची माळ घेतलीत तर उरलेले चारशे कुठे कोंबायचे याचाच घोर लागतो.

दिवे एलईडीच घ्या. जुन्या पद्धतीच्या १०० बारीक बल्बची माळ साधारण ४० वॅट खाते, तेवढीच एलईडीची माळ १० वॅटच्या आत भागवते. रोज ६ तास, ३० दिवस लावली तर पहिलीला ७.२ युनिट वीज लागेल, दुसरीला जास्तीत जास्त १.८. शिवाय एलईडी फारशी तापत नाही, म्हणून फांद्यांना आणि कापडाला लागून चालते. रंग निवडताना खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ किंवा २७०० केल्विनच्या आसपासचा आकडा बघा. ६००० च्या पुढचा निळसर पांढरा उजेड दवाखान्याच्या कॉरिडॉरची आठवण करून देतो. लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल माझं मत ठाम आहे: मोठ्या झाडावर दुरून ते गोड वाटतात, पण दोन मीटरवर सोफ्यात बसून बघायचे असतील तर दहाव्या मिनिटाला बंद करावेसे वाटतात. ‘स्थिर’ची सोय असलेली माळ घ्या.

बाहेर लावायची माळ बाहेरचीच हवी. खोक्यावर आयपी४४ (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा) असेल तर उडणाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून ती सुरक्षित असते, वर छत असलेल्या बाल्कनीला तेवढं पुरतं. पाऊस किंवा बर्फ सरळ आत येत असेल तर आयपी६५ बघा. पण हा आकडा कशाचा आहे तेही वाचा, कारण पुष्कळदा माळ जलरोधक असते आणि तिचा अडॅप्टर किंवा बॅटरीचा डबा साधाच असतो. तो आत ठेवा, नाहीतर निदान पावसाच्या आडोशाला, जमिनीपासून उंच लावा.

किती लांबीची माळ लागेल हे मोजता येतं. कठड्याची नळी ४ सेंटीमीटर जाड असेल तर तिचा घेर साधारण १२.५ सेंटीमीटर. दर १५ सेंटीमीटरला एक वेढा घेतला तर प्रत्येक वेढ्याला २० सेंटीमीटरच्या आतबाहेर माळ जाते. म्हणजे ३ मीटरच्या कठड्याला ४ मीटर. लांबीच्या सव्वा ते दीडपट, एवढं डोक्यात ठेवलं की पुरे. प्लगपर्यंतची वायर वेगळी धरा, ती बहुतेक माळांना दिव्यांशिवाय सोडलेलीच असते.

गुंडाळण्याआधी माळ जमिनीवर पसरून एकदा पेटवून बघा. हे न करता वीस वेढे घेतलेत आणि मग कळलं की मधला तुकडा लागत नाही, तर चिडण्यात अर्थ नाही. सुरुवात नेहमी प्लगच्या टोकाकडून करा. उलटीकडून केलीत तर प्लग शेवटी कठड्याच्या भलत्याच टोकाला लोंबतो. मी हे दोनदा केलंय.

विजेच्या वायरला प्लगमध्ये जाण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल आणि प्लगमध्ये शिरणार नाही. एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडू नका. किती माळा एकमेकींना जोडायच्या हे खोक्यावर छापलेलं असतं, त्यापुढे जाऊ नका. आणि टायमर लावा. संध्याकाळी सहाला लागून रात्री अकराला बंद, की रोज उठून जायला नको.

प्लगच नसेल तर? तीन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या तांब्याच्या तारेच्या माळा स्वस्त पडतात, पण महिनाभरात सेलचा खर्च माळेच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतो. पुन्हा चार्ज होणारे सेल वापरा, साध्या १.५ व्होल्टऐवजी १.२ व्होल्टचे असल्यानं उजेड किंचित मंद पडतो, तो उलट बरा दिसतो. यूएसबीची माळ पॉवर बँकेला लावायची असेल तर आधी तासभर लावून ठेवून बघा. माळ इतकी कमी वीज ओढते की काही पॉवर बँका ‘काहीच जोडलेलं नाही’ असं समजून आपोआप बंद होतात. सौर माळेचं तर मी सरळ नको म्हणेन. उत्तर गोलार्धात डिसेंबर म्हणजे वर्षातले सगळ्यात लहान दिवस, त्यात बाल्कनी उत्तरेकडे असली तर पॅनेलला ऊन मिळतच नाही.

खऱ्या मेणबत्त्या बाल्कनीत नकोत. वारा, वाळकी पानं, कापड, सगळं हाताच्या अंतरावर असतं. काचेच्या बरणीत छोटी माळ गोळा करून ठेवा, लांबून तोच भास होतो.

भिंतीवरचं झाड

खरं किंवा प्लॅस्टिकचं झाड छोट्या बाल्कनीत जमिनीची जागा खातं. त्याऐवजी भिंतीला चपटं लागून राहणारं काठ्यांचं झाड करा. मला ही बाल्कनीतली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट वाटते.

बोटाएवढ्या जाडीच्या सहा वाळक्या काठ्या लागतील. लांबी ८०, ६६, ५२, ३८, २४ आणि १० सेंटीमीटर, म्हणजे प्रत्येक वरची काठी खालचीपेक्षा १४ सेंटीमीटरनं आखूड. काठ्या वाकड्या असल्या तर उत्तम, सरळ काठ्यांचं झाड शिडीसारखं दिसतं. जमिनीवर खालून वर अशा मांडा, दोन काठ्यांत २० सेंटीमीटर अंतर ठेवा. सुतळीचे दोन लांब तुकडे घ्या. प्रत्येक काठीला टोकापासून दोन-तीन बोटं आत एक-एक गाठ मारत, खालच्या काठीपासून वर जा. सगळ्यात वर दोन्ही सुतळ्या एकत्र बांधून फास करा.

गाठ घसरते, ही यातली खरी कटकट. सुतळी काठीभोवती दोनदा फिरवून, मग स्वतःच्याच खालून काढून घट्ट ओढा. तरीही घसरली तर चाकूनं काठीवर बारीक खाच पाडा. झाड टांगून दोन पावलं मागे या. एखादी काठी तिरकी दिसेलच, तेव्हा गाठ थोडी सरकवा.

आता माळ. सगळ्या काठ्यांची बेरीज २७० सेंटीमीटर, वर चढायला पाच वेळा वीस-वीस धरले तर आणखी एक मीटर. पावणेचार मीटर लागली, म्हणून ५ मीटरची माळ आरामात पुरते. एक काठी डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे, अशी नागमोडी चढवा आणि उरलेला तुकडा शेंड्यावर गोळा करा. तोच तारा.

भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा नसेल तर चिकटणारे हुक येतात. पण ते नीट लावले तरच टिकतात: भिंत स्पिरिटनं पुसायची, साबणाच्या पाण्यानं नाही, हुक अर्धा मिनिट दाबून धरायचा, आणि तासभर त्याला काहीही अडकवायचं नाही. खडबडीत विटांवर किंवा नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर ते धरत नाहीत. तिथे झाड छताच्या पाइपाला नाहीतर कठड्याच्या उभ्या गजाला बांधा.

दुधाच्या खोक्यातले तारे

कागदाचे तारे बाहेर टिकत नाहीत. दवानं दोन रात्रींत मऊ पडतात. दुधाचं किंवा ज्यूसचं फ्रिजबाहेर टिकणारं कागदी खोकं मात्र आतून चंदेरी असतं आणि पाण्याला दाद देत नाही. खोकं धुऊन, जोडावर कापून सपाट करा आणि वाळू द्या.

चंदेरी बाजू वर ठेवून कंपासनं ४.५ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. कंपासचं माप तसंच ठेवून वर्तुळावर कुठूनही सुरुवात करा आणि खुणा करत जा. बरोबर सहा खुणा बसतात. एक सोडून एक खुणा जोडल्या की दोन त्रिकोण आणि सहा टोकांचा तारा तयार. कापून घ्या. मग शाई संपलेल्या बॉलपेननं, पट्टी धरून, मध्यापासून सहा टोकांपर्यंत आणि मध्यापासून सहा खाचांपर्यंत रेघा दाबा. टोकांच्या रेघा वर उचलून आणि खाचांच्या रेघा आत दाबून घड्या घाला. सपाट तुकडा हातात फुलतो, आणि प्रत्येक पाकळीचा एक पृष्ठभाग उजेड पकडतो, दुसरा सावलीत राहतो.

रेघा दाबताना हात हलका ठेवा, नाहीतर चंदेरी थर फाटतो. खोक्याच्या मूळ घड्या ताऱ्याच्या मधोमध येणार नाहीत असं बघा. एका लिटरच्या खोक्यातून चार-पाच तारे निघतात. टोकाजवळ सुईनं भोक पाडून तंगूस ओवा आणि वेगवेगळ्या उंचीवर टांगा, काचेपासून हातभर दूर. वाऱ्यानं ते फिरतात आणि माळेचा उजेड भिरभिरतो. मी लुकलुकणाऱ्या माळेला नको म्हटलं त्याची कसर इथे भरून निघते.

हिरव्याचं कडं

दाराला किंवा कठड्याच्या मध्यावर एक रीथ, म्हणजे हिरव्या फांद्यांचं गोल कडं, लावली की ख्रिसमस आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. विकतची रीथ महाग असते. पण या परंपरेची एक शाखा जुगाडातूनच आली आहे: १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिश विखर्न हे पाद्री गरीब मुलांचा आश्रम चालवत होते. ख्रिसमसला किती दिवस उरले असं मुलं सारखी विचारायची, म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजायची सोय केली. आजच्या अ‍ॅडव्हेंट रीथची सुरुवात तिथली मानतात; अ‍ॅडव्हेंट म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार रविवारांचा काळ.

आपल्याला चाकाची गरज नाही, तारेचा हँगर पुरे. ओढून ३० सेंटीमीटर व्यासाचं कडं करा, हुक वर राहू द्या, टांगायला तोच कामाला येतो. जाड, चिवट पानांच्या कुठल्याही झाडाच्या छाटलेल्या फांद्या चालतील. पातळ पानं दोन दिवसांत मान टाकतात. घरात लहान मुलं किंवा मांजर-कुत्रं असेल तर कण्हेरीसारख्या विषारी झाडांच्या फांद्या नकोत. फांद्या रात्रभर पाण्यात उभ्या ठेवा, त्यानं त्या जास्त टिकतात.

वीतभर लांबीच्या तीन-चार डहाळ्यांची जुडी करा, कड्यावर ठेवा आणि देठावरून बारीक तार तीनदा घट्ट फिरवा. तार तोडू नका. पुढची जुडी अशी ठेवा की तिचे शेंडे आधीच्या जुडीचे देठ झाकतील. सगळ्या जुड्या एकाच दिशेनं. साधारण सात सेंटीमीटरला एक धरली तर तेरा-चौदा जुड्यांत फेरी पूर्ण होते, आणि शेवटचे देठ पहिल्या जुडीच्या शेंड्यांखाली सरकवायचे. जिथे जोड दिसतो तिथे रिबन बांधा, रिबनचं खरं काम तेच.

गरम गोंदाच्या बंदुकीनं काही चिकटवायचा मोह टाळा. तो गोंद उन्हात मऊ पडतो, थंडीत कडक होऊन सुटतो. बाहेरची प्रत्येक गोष्ट तारेनं बांधा. पाइनकोन लावणार असाल तर आधी ओव्हनमध्ये ९५ अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवा, किडे मरतात आणि खवले उमलतात. मात्र दमट हवेत तेच खवले पुन्हा मिटतात आणि ऊन पडलं की उघडतात. धुक्याच्या सकाळी ते बारके दिसले तर खराब झाले असं समजू नका.

जमीन आणि वारा

जमिनीवर फार काही करू नका. आहेत त्या कुंड्यांपैकी तीन, लहान-मोठ्या, एका कोपऱ्यात जवळ आणा आणि माळेचं उरलेलं टोक त्यांच्यात सोडा. पॉइन्सेटिया (ख्रिसमसला मिळणारं लाल पानांचं झाड) घ्यायचाच असेल तर तो मूळचा मेक्सिकोतला, १० अंशांच्या खालची थंडी त्याला सोसत नाही हे लक्षात ठेवा. थंड प्रदेशात तो काचेच्या आतल्या बाजूला ठेवला तरी सजावटीचाच भाग दिसतो.

शेवटी वाऱ्याची परीक्षा. प्रत्येक टांगलेली वस्तू हातानं जोरात हलवा. सुटली तर कुठे पडेल? कठड्याच्या बाहेर पडण्याची शक्यता असलेली वस्तू आतल्या बाजूला घ्या आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधा. माझी पहिली रीथ एका रात्री खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कपड्यांच्या दोरीवर जाऊन बसली होती. त्यांनी ती सकाळी हसत आणून दिली, पण खाली कुणी उभं असतं तर हसण्यावारी गेलं नसतं. हलक्या कुंड्यांच्या तळाशी वाळू किंवा दगड घाला.

हे सगळं एका शनिवार-रविवारात होतं. पहिल्या दिवशी आवराआवर, काठ्या आणि तारे. दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या तासभर आधी माळा, म्हणजे पेटवून लगेच बघता येतं. अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान, सजावट लावली तर महिनाभर उपभोग मिळतो.

उतरवायचा दिवस पुष्कळ ठिकाणी ६ जानेवारी. फांद्या कुंडीत कुजायला टाका, काठ्यांचं झाड सुतळीसकट गुंडाळून पलंगाखाली सारा. सेल काढून ठेवा, गळले तर डबा गेला. माळ कोरडी करून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, मुठीत गोळा करून पिशवीत कोंबू नका. आणि पुठ्ठ्यावर मार्करनं लिहा: ‘५ मीटर, यूएसबी, भिंतीवरचं झाड, खालून सुरू.’